दाराकडे पाठ

विद्यापीठानं मला फेलोशिप दिली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद आमच्या ह्यांना झाला. मला आनंदी व्हायला सवडच मिळाली नाही, कारण फोन ह्यांनीच उचलला होता. पलीकडून विभागप्रमुख बोलत होते. ह्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, "हो हो, आम्ही येतो" म्हणाले, फोन ठेवला, आणि मग मी स्वयंपाकघरात कांदा चिरत होते तिथं येऊन मला बातमी दिली. फोन माझा, फेलोशिप माझी, आणि "आम्ही येतो". पुढं काय वाढून ठेवलंय ते मला तिथंच कळायला पाहिजे होतं.

फेलोशिप म्हणजे काय, हे शेजारणीला समजावताना माझी पुरेवाट झाली. विद्यापीठाचा राज्यशास्त्र विभाग दर हिवाळ्यात बाहेरचं एक माणूस बोलावतो. पुस्तकं लिहिणारं नाही, तर लोकशाही जिथं रोज चालते आणि रोज ठेचकाळते, तिथं काम करणारं. त्यानं विभागात येऊन बसायचं, विद्यार्थ्यांशी बोलायचं, ग्रंथालय वापरायचं, आपल्या कामाचा निवांत विचार करायचा आणि शेवटी एक जाहीर व्याख्यान द्यायचं. शेजारणीनं विचारलं, म्हणजे नुसतं बसायचं आणि बोलायचं? मी म्हटलं, हो. ती म्हणाली, मग हे तर तुमच्या साहेबांना जास्त जमलं असतं. बाई तशी भोळी आहे, पण तिचा नेम चुकत नाही.

माझं काम असं की उमरेड आणि सावनेरकडच्या गावांत ज्या बायका सरपंच म्हणून निवडून येतात, त्यांना कारभार शिकवायचा. ग्रामसभा कशी बोलवायची, ठराव कसा मांडायचा, ग्रामसेवकाला प्रश्न कसा विचारायचा. पण हे सगळं नंतरचं. आधी नवऱ्याला बाहेर काढावं लागतं. निवडून येते बाई, आणि खुर्चीत बसतो तिचा नवरा. बाईला विचारलं, गावात पाण्याची काय सोय, तर उत्तर नवरा देतो. बाईला विचारलं, तुमचं शिक्षण किती, तरी उत्तर नवराच देतो. लोक त्याला सरपंचपती म्हणतात आणि त्याला त्यात काही वाईट वाटत नाही. उलट मोटरसायकलच्या पुढच्या काचेवर तो "सरपंच" असं लिहूनही घेतो.

म्हणून माझ्या प्रशिक्षणाचा पहिला नियम, नवरे बाहेर. पण बाहेर म्हणजे किती बाहेर? सुपारी-तंबाखूचा खर्रा चघळत ते दारातच उभे राहतात, एक पाय आत. मी बाईला प्रश्न विचारला की बाईची नजर जाते दाराकडे. तिथून मान हलली तर "हो", नाही हलली तर "विचारून सांगते". हे बघून बघून माझं डोकं उठलं. मग एक दिवस मी सगळ्या खुर्च्या उचलल्या आणि उलट्या मांडल्या. बायकांची पाठ दाराकडे, तोंड माझ्याकडे. आता बघा कुणाकडे बघता ते. त्या दिवशी उमरेडजवळच्या एका गावची नवी सरपंच संध्याकाळी मला म्हणाली, ताई, मान भल्ली दुखून राहिली. दिवसभर ती मान वळू नये म्हणून धरून बसली होती बिचारी. पण दुसऱ्या दिवशी पहिलं उत्तर तिनंच दिलं.

त्या उलट्या खुर्च्यांपायीच विद्यापीठानं मला बोलावलं. विभागातली एक तरुण प्राध्यापिका माझं प्रशिक्षण बघायला आली होती, तिला ते फार आवडलं. आणि अशा बाईच्या मागे विद्यापीठात कोण आलं, तर तिचा नवरा. हातात डबा घेऊन.

आमच्या ह्यांची सगळी नोकरी कोराडीच्या वीज केंद्रात गेली, कंट्रोल रूममध्ये. समोर मीटरचे काटेच काटे. काटा जरा इकडचा तिकडं झाला की ह्यांचा हात बटणावर. निवृत्त झाले आणि काटे संपले. मग हे पहिल्या पाळीच्या वेळेला उठून, अंघोळ करून, उरलेले चार केस विंचरून बसायचे, आणि जायला कुठंच नसायचं. घरातले सगळे गळके नळ दुरुस्त करून झाले, मग न गळणारे दुरुस्त करायला घेतले. खरं सांगते, मला त्यांच्याकडे बघून भडभडून यायचं. इतक्या मोठ्या यंत्राला सांभाळणारा माणूस, आणि दुपारी चहा कधी होणार एवढीच बातमी उरलेली. त्यामुळं विद्यापीठाची वार्ता आली आणि ह्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा वीज आली तेव्हा मी काही बोलले नाही. म्हटलं, सोडायला आणायला येतील, स्कूटर आहे, बरंच आहे.

पहिल्याच दिवशी स्वागताचा कार्यक्रम होता. आम्ही दोघं विभागात शिरलो. ह्यांच्या अंगात हाफ स्वेटर, नाकावर चष्मा, काखेत निळी फाइल. माझ्या हातात डब्याची पिशवी. विभागप्रमुख पुष्पगुच्छ घेऊन लगबगीनं पुढं आले आणि त्यांनी तो सरळ ह्यांच्या हातात दिला. विभागप्रमुखांना मी दोष देत नाही. त्या दोन माणसांमधला लोकशाहीचा अभ्यासक कोणता, असं मला विचारलं असतं तर मीही हाफ स्वेटरकडेच बोट दाखवलं असतं. पण आमच्या ह्यांनी तो गुच्छ घेतला हो. घेतला तर घेतला, वर आभाराचे दोन शब्द बोलले, आणि त्या दोन शब्दांत कोराडीचा एक वीजसंच पहिल्यांदा सुरू झाला त्या दिवसाची हकिगतही आली. तरुण प्राध्यापिकेनं विभागप्रमुखांच्या कानात काहीतरी सांगितलं तेव्हा ते पार गोरेमोरे झाले. ते फार सज्जन गृहस्थ, प्रत्येक वाक्यात एकदा "एका अर्थी" म्हणतात. एका अर्थी हे दोघांचंही स्वागत आहे, असं म्हणून त्यांनी वेळ मारून नेली. घरी जाताना मी स्कूटरवर मागून बोलत होते आणि हे पुढून एवढंच म्हणत होते की समोरच्यानं दिलेलं फूल नाकारायचं कसं.

तिथून सुरू झालं. मला एक खोली मिळाली होती, दारावर माझं नाव. आत टेबल एक, खुर्च्या दोन. दुसऱ्या खुर्चीवर हे. विद्यार्थी यायचे, मला काही विचारायचे. मी पदर सावरून विचार करते न करते तोच हे सुरू व्हायचे, "तिचं म्हणणं असं आहे की..." माझं म्हणणं मला सुचायच्या आधी ह्यांना पाठ. तसं बघितलं तर खोटं काही सांगत नव्हते. कायद्याचं कलम कोणतं, कोणत्या गावची ग्रामसभा कशावरून उधळली, कोणती बाई आधी रडली आणि मग भांडली, सगळं ह्यांच्या डोक्यात. इतक्या वर्षांत रोज संध्याकाळी मीच तर येऊन सांगितलेलं. मला एखादं कलम आठवलं नाही की मी नुसतं ह्यांच्याकडे बघायची, आणि उत्तर हजर.

दरम्यान हे विभागात चांगलेच रुळले. विभागाचा प्रोजेक्टर कुणाचंच ऐकायचा नाही, तो ह्यांनी दोन चापट्या मारून वठणीवर आणला. तेव्हापासून प्रोजेक्टर म्हटलं की "सरांना बोलवा". सर म्हणजे हे. कॅन्टीनमधला तर्री पोह्यांवर तर्री ओतणारा माणूसही ह्यांना सर म्हणायचा आणि मला मॅडम म्हणण्याऐवजी "सरांच्या घरच्या" म्हणायचा. मी लोकशाहीची फेलो, आणि कॅन्टीनमध्ये माझी ओळख ही.

एकदा मी न सांगता कोराडीहून बसनं निघून गेले. म्हटलं, एक दिवस तरी त्या खोलीत एकटी बसून पाहते. कोळशाच्या आणि राखेच्या ट्रकांच्या मागे रखडत रखडत बस शहरात पोचली, माझा पदर राखेनं करडा झाला, तरी मी खुशीत होते. विभागाच्या पायरीवर बघते तर हे उभे, हातात माझा चष्मा. मी घरी विसरले होते. आता चष्मा आणून देणाऱ्या माणसावर चिडायचं कोणत्या तोंडानं? मी चष्मा घेतला, हे आत आले, आणि दुसरी खुर्ची पुन्हा भरली.

माझा हेका एकच होता, तो म्हणजे शेवटचं व्याख्यान. गावोगावच्या समाजमंदिरात, शाळेच्या वर्गात, निंबाच्या सावलीत मी हजारदा बोलले असेन. पण जिथं ह्या गोष्टींवर पुस्तकं लिहिली जातात, तिथं एकदा उभं राहून आपल्या तोंडानं आपलं काम सांगावं, आणि समोर माझ्या सरपंच बायका बसलेल्या असाव्यात, एवढीच माझी इच्छा. चौघींना मी निमंत्रण दिलं. त्यात ती मान दुखलेलीही होती. आणि अट नेहमीचीच सांगितली, नवरे बाहेर.  ह्या बायका येणार, आणि माझ्यासाठी माझाच नवरा उत्तरं देतोय हे बघणार. मग परत गेल्यावर माझं कोण ऐकणार? एकीनं जरी गावात जाऊन सांगितलं, ताईचा नवरा तर आतच बसतो, तर माझ्या उलट्या खुर्च्या दुसऱ्याच दिवशी सुलट होतील.

व्याख्यानाच्या दिवशी सकाळी मी पांढरी साडी काढली. माझे वडील मतदानाच्या दिवशी पांढरा सदरा कडक इस्तरी करून घालायचे आणि सगळ्यांच्या आधी रांगेत जाऊन उभे राहायचे. त्यांच्या आईबापांना कुणी कधी कशात विचारलं नव्हतं, म्हणून आपल्याला विचारतात तो दिवस त्यांना सणाचा वाटायचा. दीक्षाभूमीवर जातानाही तोच सदरा. माझी साडी त्या सदऱ्यावरून. साडी नेसून मी चहा ओतला, ह्यांच्यापुढं ठेवला आणि सांगून टाकलं, आज तुम्ही बाहेर बसायचं.

ह्यांनी बशी खाली ठेवली. मी काय त्या सरपंचपतींसारखा आहे का, असं विचारलं. ते लोक बायकोला बोलू देत नाहीत, मी तर तुला मदत करतो. माझं वेगळं आहे. मी म्हटलं, आजवर जितक्या नवऱ्यांना दाराबाहेर काढलं, त्यातला प्रत्येक जण हेच वाक्य बोलला आहे, "ताई, माझं वेगळं आहे". मग प्रोजेक्टर कोण चालवेल, असं हे म्हणाले. मी म्हटलं, बिनप्रोजेक्टरचं बोलेन. मग हे स्कूटर काढायला गेले. कोराडी ते विद्यापीठ हूं का चूं नाही, पण रस्त्यातला एकही खड्डा सोडला नाही. प्रत्येक खड्ड्यात माझी पाठ बोलत होती.

सभागृहात आल्यावर हे नेहमीसारखे पुढं गेले आणि प्रोजेक्टरची वायर जोडत बसले. बाहेर जाण्याचं नाव नाही. पहिल्या रांगेतल्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर निळी फाइल ठेवून जागाही धरलेली. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं, कारण चार लोकांत भांडण कसं करणार. विद्यार्थी आले, प्राध्यापक आले. मग माझ्या चौघी आल्या. एकटी आली ती फक्त एक, तिचा नवरा घरी कापूस वेचणीवर देखरेख करत होता. बाकी तिघींचे नवरे एसटीनं सोबत आलेले. पण शाबास त्यांची, दारापर्यंत आले आणि सवयीनं दारातच थांबले. एकानं तर चपला काढायला सुरुवात केली होती, त्या परत पायात घातल्या.

आणि मग त्यांनी आत पाहिलं. पहिल्या रांगेत, हातात वायर, आमचे हे. मान दुखलेलीच्या नवऱ्यानं हसत दुसऱ्याला कोपरानं ढोसलं आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "अन् भाऊ कसे काय आत, जी?"

सभागृहात तसा गलका होता, पण मला ते ऐकू आलं आणि ह्यांनाही.  चौघीजणी माझ्याकडे बघत होत्या.   ह्यांनी वायर टेबलावर ठेवली, फाइल उचलली, एका विद्यार्थिनीला कोणतं बटण दाबायचं ते दाखवलं आणि दाराकडे गेले. "चला गा," त्या तिघांना म्हणाले, "आपली जागा बाहेर आहे." त्यांच्या मागे दार लागलं. बाजूच्या भिंतीतल्या त्या दाराला मधोमध काच आहे, हातभर लांबरुंद.

मी बोलायला लागले. आधी कागदावरचं वाचलं, ते मलाच कंटाळवाणं वाटलं, मग कागद बाजूला ठेवला. उलट्या खुर्च्या सांगितल्या, खर्रा सांगितला, मोटरसायकलीची काच सांगितली. लोक हसत होते. माझा आवाज मला माझाच वाटायला लागला. मग प्रश्नांची वेळ झाली आणि विभागप्रमुख उठले. त्यांनी फार सभ्यपणे विचारलं की ह्या बायका तुमच्यापुढं बोलतात हे एका अर्थी ठीकच, पण तुम्ही तिथं नसता तेव्हा काय होतं? आधी नवऱ्याकडे बघायच्या, आता तुमच्याकडे बघतात, असं तर नाही ना झालं?

प्रश्न खरा होता. मला त्याचं उत्तर माहीत नव्हतं. इतकी वर्षं काम केलं, पण हे कधी स्वतःला विचारलं नव्हतं. सगळं सभागृह थांबलेलं, आणि माझी नजर गेली. कुठं जाणार? दाराकडे. काचेत तीन नवरे दाटीवाटीनं नाकं चिकटवून आत बघत होते. आणि त्यांच्या खांद्यांच्या मधून एक टक्कल दिसत होतं, मागच्या बाजूनं. आमचे हे बाहेर बाकावर दाराकडे पाठ करून बसले होते.

मी त्या टकलाकडे बघत राहिले. वळेल असं वाटलं. वळलं नाही.

"ताई," दुसऱ्या रांगेतून ती मान दुखलेली बोलली, चांगल्या खणखणीत आवाजात, "दाराकडे काहून पाहून राहिल्या?"

आधी चौघी हसल्या, मग सगळं सभागृह. मीही हसले, कानांच्या पाळ्या गरम होईपर्यंत. मग मी विभागप्रमुखांना म्हटलं, सर, मी काही हिला बोलायला सांगितलं नव्हतं. आणि एक खुर्ची ओढली, दाराकडे पाठ करून बसले, आणि त्या चौघींना म्हटलं की आता सरांच्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही द्या, मी ऐकते. त्यांनी दिलं. त्यात माझी दोन-तीन उणीदुणीही निघाली. ताई फार घाई करतात, ताई मधेच बोलतात. हे माझ्याबद्दल हो, ह्यांच्याबद्दल नाही. मी मान खाली घालून ऐकत होते आणि मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू.

कार्यक्रम संपला. ह्या वेळी विभागप्रमुखांनी पुष्पगुच्छ आधी नीट बघून माझ्याच हातात दिला. बाहेर आले तर चारही पुरुष बाकावर, तिघं खर्रा चघळत आणि हे त्यांना वीज कशी तयार होते ते सांगत. सरपंच बायका एसटीला उशीर होतोय म्हणून नवऱ्यांना उठवून घेऊन गेल्या. आम्ही स्कूटर काढली.

परतीच्या रस्त्यावर हे खड्डे चुकवत होते. कसं झालं, असं विचारलंही नाही. माणसाला आत काय चाललंय ते ऐकावंसं वाटलं नसेल का? दार काही इतकं जाड नव्हतं, हसण्याचा आवाज बाहेर गेलाच असणार. सावनेरच्या रस्त्याला लागलो तेव्हा मीच विचारलं, "तुम्ही पलीकडं तोंड करून काहून बसले होते? ते तिघं तर काचेला चिकटून होते."

 ह्यांनी एक ट्रक पुढं जाऊ दिला.

"मले माहीत होतं, तू पाहशीन," हे म्हणाले. "अन् मी दाराकडे तोंड करून बसलो असतो तर ही मान हललीच असती. माझा माझ्या मानेवर भरोसा नाही वं."

मला एकदम रडू आलं. कंट्रोल रूममध्ये सगळं आयुष्य काढलेला माणूस, ज्याचा हात काटा हलायच्या आधी बटणावर जायचा, तो माझा काटा हलत असताना पाठ करून बसून होता. किती जड गेलं असेल त्यांना ते. मी मागून त्यांच्या स्वेटरला घट्ट धरलं. गुच्छ आमच्या दोघांच्या मध्ये चेपला.

कोराडीची धुराडी दिसायला लागली तेव्हा ह्यांना राहवेना. विभागप्रमुखांनी शेवटी काय विचारलं, एवढं तरी सांग, म्हणाले. मी प्रश्न सांगितला. हे लगेच म्हणाले, ह्याचं उत्तर तर सोपं आहे, आणि स्कूटर चालवता चालवता उत्तर द्यायला लागले. घर येईपर्यंत मी ते सगळं ऐकून घेतलं.